गोरखचिंचेचे कूळ : भूवनस्पतींची लक्षणे आणि वर्गीकरण
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्याख्यानासाठी वनस्पतींचा विषय निवडला जावा, हे वरवर पाहता थोडे विलक्षण वाटेल. परंतु ग्रंथपाल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांसमोरचा मूळ प्रश्न एकच असतो. असंख्य वस्तूंमधून हवी ती वस्तू शोधायची कशी, आणि कोणती वस्तू कोणाच्या शेजारी ठेवायची? मेल्विल ड्यूईने १८७६ साली ग्रंथांसाठी दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले, डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली आले. स्वीडनच्या कार्ल लिनियसने वनस्पतींची अशी मांडणी त्यांच्याही बरीच आधी, १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात केली होती. वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून, त्यांवर नाव, स्थळ आणि दिनांक लिहून जी संग्रहालये उभी राहतात, तीही एका अर्थी ग्रंथालयेच होत.

धार आणि देवास या दोन नगरांच्या परिसरात या विषयाचे एक जितेजागते उदाहरण उभे आहे. धारपासून मांडूकडे जाताना रस्त्याच्या कडेला फुगीर बुंध्याचे, आखूड फांद्यांचे, उन्हाळ्यात पूर्णपणे निष्पर्ण होणारे प्रचंड वृक्ष दिसतात. मराठीत या वृक्षाला गोरखचिंच म्हणतात. माळव्यात त्याला 'खुरासानी इमली' किंवा 'मांडू की इमली' म्हणतात. त्याची लंबगोल, कठीण कवचाची फळे मांडूत रस्त्याकडेला विकायला असतात, आणि आतील पांढरा आंबट गर प्रवासी कुतूहलाने चाखून पाहतात. हा वृक्ष कोण, कुठला आणि कोणाचा नातेवाईक, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की वर्गीकरण कशासाठी असते, हे आपोआप उलगडत जाते.

त्याआधी भूवनस्पती कशाला म्हणावे, हे ठरवले पाहिजे. येथे मराठी भाषा प्रथम थोडा घोळ घालते. बावडीच्या पाण्यावर साचणाऱ्या हिरव्या बुळबुळीत थराला मराठी माणूस शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीवर उगवणाऱ्या हिरव्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. वस्तुतः पहिले शैवल आहे, ते पाण्याचे रहिवासी. दुसरी हरिता, म्हणजे खरीखुरी भूवनस्पती. गोडा मसाल्यातील दगडफूल तर या दोहोंपैकी काहीच नाही. कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून ते बनलेले असते. पहिल्या पावसानंतर उगवणारी भूछत्रे ही कवके, त्यांची वनस्पतींच्या पंक्तीत गणना होत नाही. उलट कमळ आयुष्यभर पाण्यात राहते, तरीही ते भूवनस्पतीच होय. त्याचे पूर्वज जमिनीवर होते, ते पुन्हा पाण्यात उतरले. राहण्याची जागा हे येथे लक्षण नाही. शरीराची घडण आणि वंशाचा क्रम हे लक्षण आहे.

वनस्पतींचे मूळ घर पाणी. गोड्या पाण्यातील हिरव्या शैवलांच्या एका शाखेतून भूवनस्पतींचा उगम झाला आणि सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्यांनी जमिनीवर पाय रोवला, असे खडकांत सापडलेल्या बीजुकांच्या पुराव्यावरून मानले जाते. पाण्यात शरीराला आधार पाण्याचाच असतो, अन्नद्रव्ये सर्व बाजूंनी मिळतात, आणि नरपेशी पोहत मादीपेशीकडे जाऊ शकते. जमिनीवर या तिन्ही सोयी नाहीत. शिवाय ऊन आणि वारा अंगातील पाणी सतत ओढून घेत असतात.

पाण्यावाचून जगण्याचा प्रश्न किती बिकट असतो, हे देवासला निराळे सांगायला नको. जुने तलाव बुजत गेलेल्या या शहराला १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी साठवायचे, जपून वापरायचे आणि दुरून वाहून आणायचे, हे तीन उपाय माणसाला सुचले. वनस्पतींनी हेच तीन उपाय कोट्यवधी वर्षांपूर्वी अंगी बाणवले. भूवनस्पतींची लक्षणे म्हणजे या उपायांचीच यादी होय.

पहिले लक्षण म्हणजे अंगावरचा मेणचट थर. पाणी उडून जाऊ नये म्हणून जमिनीवरील वनस्पतींनी त्वचेवर असा थर चढवला. पण थर पूर्ण बंद ठेवला, तर अन्न तयार करण्यासाठी लागणारा कर्बवायू आत येणार कसा? म्हणून बहुतेक भूवनस्पतींना उघडझाप करणारी सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. दुपारच्या कडक उन्हात पाण्याची चणचण भासली की ती मिटतात.

दुसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. फलनानंतर तयार झालेला भ्रूण मातृवनस्पतीच्या देहातच राहतो आणि तिच्याकडून पोषण घेतो. शैवलांत असे होत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ भूवनस्पतींना 'भ्रूणधारी वनस्पती' म्हणतात. हरितेपासून वडापर्यंत सर्वांना एकत्र बांधणारा धागा हाच.

तिसरे लक्षण पिढ्यांच्या एकांतरणाचे. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म होफमाइस्टर याने १८५१ साली ते सुसंगतपणे मांडले. प्रत्येक भूवनस्पतीच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एक गंतुके, म्हणजे नरमादी पेशी, निर्माण करते आणि दुसरी बीजुके निर्माण करते. हरितेत पहिली पिढी मोठी, हिरवी आणि स्वावलंबी असते, दुसरी तिच्या आधाराने जगते. नेच्यात दुसरी पिढी मोठी होते. फुलझाडांत पहिली पिढी इतकी लहान होते की ती परागकणात आणि बीजांडात सामावून जाते. बीजुकांवरचे कवच अत्यंत टिकाऊ असते, म्हणून कोरड्या वाऱ्यातूनही ती सुखरूप प्रवास करतात.

या लक्षणांच्या आधारे भूवनस्पतींची मोठी घराणी क्रमाने पाहता येतात, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. श्रावणात देवासची माताजीची टेकडी चढणाऱ्याला किंवा मांडूच्या पडक्या महालांतून हिंडणाऱ्याला यांतील बहुतेक भेटतात.

पहिले घराणे हरिता, यकृतका आणि शृंगका यांचे. यांच्या सुमारे २० हजार जाती जगात आहेत. यांना खरी मुळे नाहीत आणि पाणी वर चढवणाऱ्या काष्ठमय वाहिन्याही नाहीत. म्हणून ही वनस्पती बोटभर उंचीपलीकडे सहसा जात नाही, आणि नरपेशीला पोहण्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो म्हणून ओलाव्याची साथ सोडत नाही. भारतात या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया लाहोरचे प्रा. शिवराम कश्यप यांनी घातला.

दुसरे घराणे वाहिन्या असलेल्या, परंतु बीज नसलेल्या वनस्पतींचे. वाहिनी ही वनस्पतींच्या इतिहासातील फार मोठी क्रांती होय. लिग्निन या कठीण द्रव्याने बळकट केलेल्या नळ्यांनी पाणी उंच नेता आले आणि शरीराला कणाही मिळाला. नेचे या गटातले. पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतात, ते बीजुकांचे पुंजके. जुन्या विहिरींच्या ओल्या दगडांतून डोकावणारा, काळ्या चकचकीत देठाचा हंसराज हा नेचाच. याच पातळीवर लायकोपोडांची एक वेगळी प्राचीन शाखा आहे. मध्य भारतात 'संजीवनी' म्हणून विकली जाणारी वनस्पती या शाखेतील असते. उन्हाळ्यात ती मुठीसारखी आवळून तपकिरी होते, आणि पाणी मिळताच काही तासांत उघडून हिरवी होते. रामायणातील संजीवनीशी तिचा संबंध जोडणे हा श्रद्धेचा भाग. परंतु जवळजवळ पूर्ण वाळूनही जिवंत राहण्याची तिची शक्ती हे शास्त्राने तपासलेले सत्य आहे.

तिसरे घराणे अनावृतबीज वनस्पतींचे. येथे बीज अवतरते. बीज म्हणजे शिदोरीसह प्रवासाला निघालेला भ्रूण. शिवाय नरपेशीला बाहेरच्या पाण्यातून पोहण्याची गरज उरली नाही, परागकण वाऱ्यावरून जाऊ लागला. पुनरुत्पादनासाठी पाण्यावर अवलंबून राहणे येथे संपले. देवदार आणि चीड हे हिमालयातील वृक्ष या गटातले. माळव्यात मोरपंखी आणि सायकस बागांतून लावलेले आढळतात. जगभर या गटाच्या जाती जेमतेम हजार आहेत.

चौथे आणि सर्वांत मोठे घराणे आवृतबीज, म्हणजे सपुष्प वनस्पतींचे. बीज फळाच्या आत झाकलेले असते, आणि फूल हे त्यांचे खास साधन. यांच्या जाती सुमारे तीन लाख. गहू, ज्वारी, लसूण, केळ हे एकदल. सोयाबीन, हरभरा, अफू, पळस हे द्विदल. 'पळसाला पाने तीनच' या म्हणीतही वनस्पतिशास्त्राचे एक निरीक्षण दडलेले आहे. फक्त शास्त्र सांगते की ती तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत.

या घराण्यांचा काळही याच प्रदेशातील खडक सांगतात. धार जिल्ह्यातील बाग आणि कुक्षी परिसरात डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. ते प्राणी खात काय होते? चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या त्यांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिकतामय कण मिळाले, असे भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. गवत डायनोसॉरांनंतर अवतरले, ही तोपर्यंतची समजूत विदर्भातील एका खेड्याने बदलली.

वर्गीकरणाचा प्रयत्न मात्र माणसाने फार पूर्वीपासून केला. चरकसंहितेत उद्भिज्जांचे चार प्रकार आहेत : फुलांवाचून फळणाऱ्या त्या वनस्पती, फुलून फळणारे ते वानस्पत्य, फळ पिकताच मरणाऱ्या त्या ओषधी, आणि पसरणाऱ्या वेली त्या वीरुध. आज सर्व झाडाझुडपांना लावला जाणारा 'वनस्पती' हा शब्द या वर्गीकरणात वड, उंबर, पिंपळ यांच्यासारख्या वृक्षांपुरता होता. उंबराला फूल नसते, या समजुतीतूनच मराठीत 'उंबराचे फूल' हा दुर्मिळ दर्शनाचा वाक्प्रचार आला. सूक्ष्मदर्शकाने दाखवले की उंबराच्या त्या गोल 'फळा'च्या आत शेकडो फुले दडलेली असतात. वाक्प्रचार तरीही राहिला आणि राहावा. भाषेचे सत्य वेगळ्या जातीचे असते.

धारला या इतिहासात आणखी एक स्थान आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात नौकांसाठी लागणाऱ्या लाकडाचे वर्गीकरण आहे. हलके आणि मऊ ते ब्राह्मण, हलके आणि कठीण ते क्षत्रिय, जड आणि मऊ ते वैश्य, जड आणि कठीण ते शूद्र. यातील वजन आणि काठिण्य ही निरीक्षणे सुताराच्या खऱ्या उपयोगाची आहेत. परंतु नावे समाजातील उतरंडीतून आलेली आहेत. वर्गीकरण करणारा आपल्या काळाचा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच निसर्गाकडे पाहतो, याचा हा बोलका पुरावा. म्हणून कोणतेही वर्गीकरण अंतिम मानू नये.

पश्चिमेकडेही हाच धडा मिळाला. केरळातील वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणीभाषक वैद्यांची, तसेच इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची साक्ष त्यात छापलेली आहे, आणि तिघा वैद्यांचे निवेदन देवनागरी लिपीत आहे. लिनियसने या ग्रंथाचा उपयोग केला. त्याने पुंकेसरांच्या संख्येवर आणि मांडणीवर २४ वर्ग पाडले. पद्धत सोपी होती, पण नाती दाखवणारी नव्हती. बेंथम आणि हुकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात अनेक लक्षणे एकत्र पाहून कुळे ठरवली, आणि भारतातील महाविद्यालयांत पिढ्यानुपिढ्या तीच पद्धत शिकवली गेली.

१९९८ पासून डीएनएच्या पुराव्यावर आधारलेली नवी मांडणी पुढे आली. २०१६ सालच्या तिच्या चौथ्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींचे ६४ गण आणि ४१६ कुळे आहेत. तिने काही चकित करणारी नाती उघड केली. कमळ आणि कुमुद ही जोडी काव्यात शोभली, तरी वंशाने ती एकमेकांपासून दूर. कमळाचा जवळचा नातेवाईक निघाला काश्मीरचा चिनार! एकदल वनस्पतींचा वंश एकसंध ठरला, परंतु द्विदलांचा गट तसा राहिला नाही. सीताफळ, मिरी आणि दालचिनी यांची शाखा बाकीच्या द्विदलांपासून फार पूर्वी वेगळी झालेली आढळली.

आता पुन्हा मांडूच्या रस्त्यावर. गोरखचिंचेच्या नावात चिंच आहे, पण चिंचेशी तिचे काहीच नाते नाही. चिंच ही पळस आणि सोयाबीन यांच्या शिंबावंत कुळातली. गोरखचिंचेचे मोठे पांढरे, लोंबते फूल संध्याकाळी उमलते. त्याचे पुंकेसर तळाशी जुळून नळी झालेले असतात. अंगणातील जास्वंदीचे फूल ज्याने नीट पाहिले असेल, त्याला ही नळी ओळखीची वाटेल. पूर्वी गोरखचिंच आणि काटेसावर यांना शाल्मली कुळात ठेवत. नव्या मांडणीत ते कूळ भेंडी कुळात विलीन झाले. म्हणजे मांडूचा हा अवाढव्य वृक्ष जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि निमाडच्या कापसाचा भाऊबंद आहे. पाच बोटांसारख्या पर्णिकांवरून लिनियसने त्याला 'डिजिटाटा' म्हटले, आणि सेनेगलमध्ये त्याचा अभ्यास केलेल्या मिशेल आदांसाँ या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकाच्या नावावरून 'ॲडान्सोनिया' हे प्रजातिनाम दिले.

'खुरासानी' हे विशेषणही तसेच फसवे. वृक्ष खुरासानचा नव्हे, आफ्रिकेचा. भारतातील गोरखचिंचांच्या जनुकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून, वेगवेगळ्या वेळी हा वृक्ष भारतात आला, असा त्याचा निष्कर्ष आहे. गंमत अशी की जिला लिनियसने 'इंडिका' म्हटले आणि अरबांनी हिंदुस्थानचा खजूर म्हटले, ती चिंचही मूळची आफ्रिकेचीच. सीतेचे नाव मिरवणारे सीताफळ अमेरिकेतून आले. माळव्याची शेते व्यापणारे सोयाबीन पूर्व आशियातले. माळव्याच्या मातीने कोणालाही परके ठेवले नाही. अठराव्या शतकात पवारांच्या बरोबर नर्मदा ओलांडून धार आणि देवासला आलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी.

म्हणूनच २०२२-२३ च्या सुमारास घडलेली घटना मनाला लागते. धार जिल्ह्यातील गोरखचिंचेचे मोठे वृक्ष मुळासकट उपटून दूरच्या एका उद्यानात नेण्याचे प्रयत्न झाले. स्थानिक रहिवाशांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. हा वृक्ष मुळात परदेशी आहे, मग त्याच्यासाठी इतकी हळहळ कशाला, असा प्रश्न अशा वेळी कोणी विचारील. वनस्पतिशास्त्राकडे त्याचे उत्तर आहे. भूवनस्पतीचे मूळ लक्षणच असे की तिला पळून जाता येत नाही. जेथे रुजली तेथेच पाणी शोधायचे, तेथेच साठवायचे, तेथील वटवाघळांना मध द्यायचा आणि तेथील माणसांना फळ. शेकडो वर्षे हे केल्यावर वृक्षाचा जन्मदाखला कोठला, हा प्रश्न वर्गीकरणाच्या नोंदीपुरता उरतो. त्याचा पत्ता मांडूच असतो.

या कामी ग्रंथालयाचा वाटा लहान नाही. ज्या वृक्षाचे नाव लोकांना ठाऊक नसते, तो तोडला गेल्याचेही त्यांना कळत नाही. हंसराज, काटेसावर, अंबाडी, गोरखचिंच ही नावे घराघरांतून विरळ होत चालली, तरी मराठी विश्वकोशाच्या खंडांतून आणि जुन्या वनौषधिग्रंथांतून ती सुरक्षित आहेत. मात्र कपाटातील ग्रंथ हे बीजासारखे असतात. शिदोरी आत असते, कवच टणक असते, वर्षानुवर्षे ते वाट पाहू शकतात. पण ओलावा बाहेरूनच मिळावा लागतो. ग्रंथालय ही वाढणारी, सजीव संस्था आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाचव्या सूत्रात सांगितले. शंभर वर्षे पुरी केलेल्या या संस्थेच्या सभासदांनी येत्या पावसाळ्यात मुलांना घेऊन टेकडीवर जावे, भिंतीवरची हरिता आणि बावडीतले शैवल यांतला फरक त्यांना दाखवावा, आणि परतताना ग्रंथालयात येऊन त्या वनस्पतींची नावे त्यांच्याकडून शोधून घ्यावीत. शताब्दीचा याहून उचित समारंभ दुसरा नसेल.